एका घरातले चार गुडघे

फरशी बसवणाऱ्या माणसाचं आयुष्य गुडघ्यांवर जातं. सिमेंट-वाळूचा माल कालवणं, टाइलांच्या पेट्या उचलणं आणि घरमालकाशी हुज्जत घालणं एवढंच काय ते उभ्यानं. बाकी सगळं काम जमिनीला चिकटून. गुण्या मिस्त्रीनं अशी चौतीस वर्षं काढली होती.

गुण्या हे त्याचं खरं नाव नव्हतं. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. ते त्याच्या पिशवीत असायचं, पण बाहेर क्वचितच निघायचं. रिकाम्या खोलीच्या दारात उभा राहून तो नुसता एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, "डावीकडची भिंत मागे पळालीय. बोटभर." मोजून बघितलं की बोटभरच निघायची. म्हणून लोकांनी हत्याराचं नाव त्यालाच देऊन टाकलं.

राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्याची बायको इस्त्रीचं दुकान चालवायची. सकाळी नऊला खाली उतरायची ती दिवसभर टेबलापाशी उभी. शेजारपाजारचे गमतीनं म्हणत, या घरात एक मिस्त्री आणि एक इस्त्री; एक जमीन सरळ करतो, दुसरी कपडे. तिचा धाकटा भाऊ मागच्या गल्लीत राहायचा. मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकून तो आता बरोबरीचा कारागीर झाला होता, पण भाऊजींनी मान हलवल्याशिवाय अजूनही पहिली टाइल ठेवत नसे.

मिस्त्रीचा उजवा गुडघा आधी सकाळी आखडायला लागला. मग उठताना कटकट वाजायला लागला. मग एक दिवस एका बाथरूममध्ये तो खाली बसला आणि त्याला उठताच येईना. मेहुण्यानं काखेत हात घालून उठवलं. घरमालकीण दारातून बघत होती, त्याचं मिस्त्रीला दुखण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

पुढे जे सगळेच करतात ते त्यानं केलं. तेलं लावली, पट्टे बांधले, कोणीतरी दिलेलं लोहचुंबकाचं कडं घातलं. औषधाच्या दुकानातून आपल्याच मनानं दुखण्याच्या गोळ्या आणून खाल्ल्या, त्या पोटात आग पडेपर्यंत. शेवटी त्यानं स्वतःच निकाल लावला: ऑपरेशन. त्याला काम देणाऱ्या एका कंत्राटदारानं गुडघा बदलून घेतला होता आणि तो आता शिडी चढत होता. जुनं फुटलं की काढायचं आणि नवं बसवायचं, हा हिशोब मिस्त्रीला चटकन पटला. त्याच्या धंद्यातही तेच होतं.

हाडांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली तेव्हा मेहुण्यानं ओळखीच्या घरून एक वॉकर आणि एक कमोडची खुर्ची आणूनही ठेवली. बायकोनं दवाखान्याची पिशवी भरली. "डॉक्टरनं हो म्हणायच्या आधीच तुम्ही गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय," ती म्हणाली. एरवी हा वाक्प्रचार लग्नाच्या घाईतल्या मुलांसाठी वापरतात. मिस्त्रीच्या गुडघ्यावर खरोखरच गरम पट्टा बांधलेला होता, त्यामुळे मेहुण्याला हसू आवरेना.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला, गुडघा वाकवून बघितला, त्याला खोलीतल्या खोलीत चालायला लावलं.

"ऑपरेशन कोणी सांगितलं?"

"मीच ठरवलंय," मिस्त्री म्हणाला.

"वय?"

"सत्तावन्न."

"मग थोडं थांबू या." डॉक्टरांनी पेनानं एक्स-रेवर दाखवलं. "ही फट कमी झालीय. आतली गादी झिजलीय. पण संपलेली नाही. नवा गुडघा काही जन्मभराचा नसतो, आणि तुम्ही त्याच्यावर टेकून फरशा बसवणार म्हणता. आधी बाकीचे उपाय करा. मनापासून केलेत तर ऑपरेशन बरीच वर्षं लांबेल. कदाचित लागणारही नाही."

उपाय म्हणजे काय, तर मांडीचे स्नायू बळकट करायचे, रोज चालायचं, आठ-दहा किलो वजन उतरवायचं. "तुमचं एक किलो उतरलं की चालताना गुडघ्यावरचा चार किलोंचा भार कमी होतो," डॉक्टर म्हणाले. गोळ्या बंद, त्याऐवजी वरून लावायचं मलम. कामावर जाड गुडघापट्ट्या, आणि एका दमात अर्ध्या तासापेक्षा जास्त टेकायचं नाही. दुखेल त्या दिवशी काठी, तीही डाव्या हातात.

"दुखतो उजवा," मिस्त्री म्हणाला.

"म्हणूनच डाव्या हातात."

बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर मिस्त्री म्हणाला, "एवढा मोठा डॉक्टर, दोन महिन्यांनी वेळ मिळाली, आणि सांगतो काय, तर चाला आणि कमी खा. हे तर आपला वॉचमनही सांगतो."

"मग वॉचमनचं ऐकायचं होतं," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी ज्या फिजिओ मॅडमकडे पाठवलं होतं त्या जेमतेम तिशीच्या होत्या, अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. त्यांच्या खोलीत पलंग होता, दोन खुर्च्या होत्या, भिंतीला एक दांडा होता आणि रंगीत रबरी पट्ट्या टांगलेल्या होत्या. मिस्त्रीला वाटलं होतं, मोठी यंत्रं असतील. मॅडमनी गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला आणि म्हणाल्या, "हा दाबा. पाच मोजेपर्यंत. सोडा."

"बास?"

"दहा वेळा करा, मग विचारा."

सातव्याला मिस्त्रीची मांडी थरथरायला लागली. सिमेंटच्या गोणी उचलणारा माणूस टॉवेल दाबताना घामाघूम झाला, हे काही त्याला घरी सांगायचं नव्हतं. पण बायको खुर्चीत बसून आकडे मोजत होती. ती दर वेळी दुकानाला तासभर कुलूप लावून यायची. त्याचं घरी लक्ष राहणार नाही, म्हणून सगळं नीट पाठ करून घ्यायची.

पाय सरळ उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, भिंतीला पाठ लावून थोडंसं खाली सरकणं. तीन आठवडे झाले तरी मिस्त्रीला काडीचाही फरक वाटेना. तो घरी रडतखडत करायचा, एखादा दिवस बुडवायचा आणि विचारलं की "झालं सकाळीच" म्हणायचा. बायको सकाळी घरातच असायची, त्यामुळे ही थाप चालत नसे.

पुढच्या तपासणीला गुडघा सुजलेला होता. डॉक्टरांनी सुईनं पाणी काढलं आणि आत एक इंजेक्शन दिलं. बजावून सांगितलं, "यानं सूज उतरेल, दुखणंही कमी होईल, पण काही आठवड्यांपुरतंच. गुडघा नवा झाला असं समजू नका. दुखत नाही तेवढ्या दिवसांत व्यायाम वाढवायचा. काम नाही."

तिसऱ्या दिवशी मिस्त्री सकाळी उठला तर गुडघा गप्प. तो खोलीतून स्वयंपाकघरात गेला, परत आला, जिना उतरून पुन्हा चढून आला. गेल्या दोन वर्षांत असं झालं नव्हतं. त्याच्या मनात डॉक्टरांचा शेवटचा शब्द काही उरला नाही.

आठवड्याच्या आतच त्यानं एका शाळेच्या सभागृहाचं काम घेतलं. मोठी जागा, उन्हाळी सुट्टी संपायच्या आत पुरं करून हवं होतं. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, खालचं मी करतो, तुम्ही दोरी आणि लेव्हल बघा." पहिल्या दिवशी त्यानं बघितली. दुसऱ्या दिवशी मेहुण्याची एक ओळ केसाएवढी हलली, तसा मिस्त्री "सरक" म्हणून खाली बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. गुडघापट्ट्या पिशवीतच होत्या. सलग पाच दिवस तो टेकून काम करत होता आणि मधूनमधून मेहुण्याला म्हणत होता, "बघ, सुई एक आणि काम फत्ते."

सहाव्या दिवशी गुडघा नारळाएवढा झाला. इमारतीच्या दारापाशी मिस्त्रीनं हात टेकले, अक्षरशः. खालच्या दुकानातल्या बाकावर तो तासभर बसून राहिला, मग मेहुण्याच्या खांद्यावर भार टाकून एकेक पायरी चढला.

बायको त्या दिवशी ओरडली नाही. मीठ घातलेल्या पाण्यात फडकं भिजवून तिनं ते गुडघ्यावर ठेवलं आणि म्हणाली, "अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. तुमची तर गादीबरोबर झिजली."

"मला वाटलं, बरा झाला."

"सांगितलं होतं ना त्यांनी?"

"सांगितलं होतं." मिस्त्रीनं मान फिरवली. भिंतीकडे बघतच म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही गं. फरशी सोडून मी करू काय?"

एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं त्याला हे बोलताना ऐकलं नव्हतं. तिनं फडकं उलटं केलं. "सोडा असं कोणी म्हटलंय? नीट करा म्हणतायत सगळे."

सूज उतरायला बारा दिवस लागले. मग तो स्वतःहून फिजिओ मॅडमकडे गेला, काठी डाव्या हातात घेऊन. बायको होतीच बरोबर. मॅडमनी झालेलं सगळं ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ठीक आहे, पहिल्यापासून. पण या वेळी घरचं तंत्र पक्कं करू. काकू, तुम्ही घरी यांना शिकवणार, तर तुम्हीच एकदा करून दाखवा. खुर्चीवर बसा, हात छातीवर, आणि उठा."

"मी कशाला?" बायको हसली. "मला सगळं पाठ आहे."

"पाठ आहे म्हणूनच. एकदाच."

"अहो, साडीत नाही जमत."

"माझ्याकडे निम्म्या बायका साडीतच येतात."

ती खुर्चीवर बसली. हात छातीवर घेतले. पुढे वाकली, पाय जमिनीत रोवले, आणि उठली नाही. पुन्हा वाकली. तिच्या कपाळावरची शीर तटतटली. तिसऱ्या वेळी तिचे हात आपोआप खुर्चीच्या कडांवर गेले आणि त्यांच्यावर जोर देऊन ती कशीबशी उभी राहिली. उभी राहिल्यावर तिनं पदर सारखा केला, जणू तेवढंच करायला उठली होती.

मग मॅडमनी हळू आवाजात विचारलं, "काकू, जिना कसा उतरता?"

"उतरते की."

"कसा?"

"आडवी. कठड्याला धरून." मग तिनं नवऱ्याकडे न बघता सांगितलं, "दोन्ही पाय एकाच पायरीवर घेऊन."

मिस्त्री काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. त्याला एकदम कायकाय आठवायला लागलं. तिचं दुपारी जेवायला वर येणं कधीच बंद झालं होतं. गिऱ्हाईक दुपारीच येतं, म्हणायची. लग्नाकार्याला जायची टाळाटाळ करायची. गॅलरीतल्या कुंड्या तिनं एकेक करून शेजारणीला देऊन टाकल्या होत्या. तो रोज तिच्याआधी बाहेर पडायचा आणि बरोबर निघाले तरी चार पायऱ्या पुढे असायचा. दोन टाइलांमधला केसाएवढा फरक ज्याला दारातून दिसायचा, त्याला हे दिसलं नव्हतं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"तुमच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"एका घरात किती जणांनी कण्हायचं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

परत येताना तो तिच्या मागून चालला. इमारतीच्या जिन्यात तिनं "व्हा पुढे" म्हटलं तरी झाला नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत तिचा एकेक पाय तो बघत होता. डावा जास्त वाईट होता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली आणि कठड्यावरून खाली वाकून कोण आलंय ते बघू लागली. बघण्यासारखं खाली काही नव्हतं.

त्याला माफी मागता आली असती तर त्यानं मागितली असती. पण अशी भाषा त्याच्या तोंडात कधी बसली नव्हती. जेवण झाल्यावर तो इतकंच म्हणाला, "उद्या तुझ्या नावानं डॉक्टरांची वेळ घेतो," आणि तिनं नको म्हणायच्या आत मेहुण्याला कळवून टाकलं, की सकाळी दवाखान्यात फोन लाव.

तिचा एक्स-रे त्याच्यापेक्षा वाईट निघाला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "काकू, तुमच्या डाव्या गुडघ्याला पुढेमागे ऑपरेशन लागू शकतं. कधी करायचं ते तुम्ही ठरवायचं, मी नाही. पण तोवर हेच सगळं करा. करायचं ठरलंच तरी पायात ताकद असेल तर लवकर उभ्या राहाल."

"आत्ता नको," ती म्हणाली. "आधी हे करून बघते. यांचे आकडे मोजून मोजून मला सगळं पाठ झालंय, करायचंच राहिलंय."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या जाऊ लागल्या. तिच्या खुर्चीवर मॅडमनी सांगितल्याप्रमाणे दोन उशा ठेवल्या. बैठक उंच असली की उठणं सोपं जातं. जमलं की एक उशी काढायची. मोजायचं काम आता मिस्त्रीकडे आलं, आणि तो फार कडक निघाला.

"आठ."

"नऊ झाले."

"आठवा अर्धाच होता. मी बघत होतो."

"आत्ता बघायला लागलात होय?" ती म्हणाली. मग स्वतःच कबूल झाली, "बरं, आठ."

त्यानं आपल्या परीनं आणखी कायकाय केलं. दुकानात तिच्यासाठी उंच स्टूल बनवून घेतलं आणि इस्त्रीचं टेबल त्या मापानं खाली उतरवलं. बसून इस्त्री केली तर कडक घडी पडत नाही, असं ती चार दिवस म्हणत राहिली, पाचव्या दिवशी म्हणेनाशी झाली. दुकानाची पायरी फूटभर उंच होती. तिच्या जागी दोन बुटक्या पायऱ्या करायचं त्यानं ठरवलं. त्या कामाला मात्र तो खाली बसला नाही. समोर स्टुलावर बसून मेहुण्याला सांगत राहिला.

"उजवीकडे जरा दाब."

"दाबलं, भाऊजी."

"अजून केसभर."

मेहुण्यानं रबरी हातोडी खाली ठेवली. "भाऊजी, लेव्हल बघा ना. बुडबुडा मधोमध आहे."

मिस्त्रीनं वाकून बघितलं. होता मधोमध. त्यानं हातोडीकडे जाणारा आपला हात मागे घेतला. "बरोबर आहे," तो म्हणाला. कामाच्या पंधरा वर्षांत मेहुण्याला हे शब्द बहुधा पहिल्यांदाच मिळाले. पुढचा तुकडा त्यानं भाऊजींच्या मानेकडे न बघता ठेवला.

तेव्हापासून कामाची वाटणी बदलली. जमीन मेहुण्याकडे गेली. मिस्त्री भिंतीच्या टाइला करू लागला, कमरेच्या वरच्या उभ्यानं, खालच्या ओळी बुटक्या स्टुलावर बसून. नव्या जागी आखणी तोच करायचा, कारण एक डोळा बारीक करायला गुडघा लागत नाही. सुरुवातीला त्याला हे अर्ध्या कामासारखं वाटायचं. मग एका मोठ्या स्वयंपाकघरात त्यानं ओट्यामागची भिंत सांधे न दिसतील अशी केली, आणि मालकीणबाई तिच्यावरून हात फिरवत उभ्या राहिल्या. त्या दिवशी तो घरी येऊन दोनदा तीच गोष्ट सांगत होता.

सगळंच जमलं असं नाही. मिस्त्रीचं वजन सहा किलो उतरलं आणि तिथेच अडकलं. चहातली साखर सुटली, पण कामावरची बिस्किटं सुटली नाहीत. थंडीत त्याचा गुडघा अजून आखडतो. बायकोला पावसाळ्यात एकदा असं दुखलं, की तिनं आठवडाभर खुर्चीकडे बघितलंही नाही. "थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी थांबलं, तर चालेल, नाही थांबलं, तर कमी करायचं," हे मॅडमचं वाक्य मिस्त्रीनं तिला इतक्या वेळा ऐकवलं, की शेवटी ती कंटाळून पुन्हा सुरू झाली. पाच महिन्यांनी दुसरी उशी निघाली. काठी दोघांत एकच आहे. ज्याला ज्या दिवशी लागेल त्यानं घ्यायची. वॉकर आणि कमोडची खुर्ची मेहुणा परत देऊन आला.

ऑपरेशनचं अजून ठरलेलं नाही. डॉक्टर दर सहा महिन्यांनी तिला विचारतात आणि ती "अजून रेटता येतंय" म्हणते. रेटता येणार नाही त्या दिवशी ती घाबरणार नाही, असं तिनं मिस्त्रीला सांगितलंय. तो घाबरेल, हे त्यानं तिला सांगितलेलं नाही, पण तिला ते माहीत आहे.

संध्याकाळी दुकान बंद झालं की दोघं शाळेमागच्या मैदानाभोवती चालतात. ती सावकाश चालते आणि तो तिच्या चालीनं चालतो. परवा दोन फेऱ्या झाल्यावर त्याला हुरूप आला.

"अजून एक मारू या?"

"तुम्ही मारा," ती बाकावर बसत म्हणाली. "मी मोजते."

तो एकटाच चार पावलं गेला, थांबला, आणि परत येऊन तिच्याशेजारी बसला.